जमीन कोण मोजतो?

(पक्ष शिक्षण वर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



जमिनीच्या प्रश्नावर पक्षाच्या वर्गात चर्चा सुरू झाली की ती कमाल जमीनधारणेपासून निघते, कूळकायद्यावर येते आणि वनहक्कांपाशी थांबते. या सर्वांच्या तळाशी एक बाब पडून असते. ती क्षुल्लक वाटते म्हणून तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. जमीन मोजतो कोण? कोणत्या अधिकाराने मोजतो? मोजताना समोर कोणाला बोलावतो? आणि त्याची मोजणी चुकली तर ती चूक कोणाच्या माथी बसते? कूळकायद्याने कुळाला मालक केले, पण त्याचा पोटहिस्सा कधी मोजलाच गेला नाही, अशी उदाहरणे किसान चळवळीत काम करणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याला आपापल्या तालुक्यातून देता येतील. कागदावर मिळालेली जमीन बांधावर उतरायची तर ती साखळीतून जावी लागते, आणि साखळी कोणाच्या हातात आहे हा प्रश्न तांत्रिक नसून वर्गीय आहे.

आज या प्रश्नाकडे तातडीने पाहण्याचे कारण असे की, गेल्या पाच-सहा वर्षांत एकामागून एक राज्यांनी मोजणीचे आणि मोजणीदारांचे कायदे बदलायला घेतले आहेत. राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात जमीन, महसुलासाठीची मोजणी आणि अधिकार अभिलेख हे विषय राज्यांच्या यादीत आहेत. भारतीय सर्वेक्षण खाते तेवढे केंद्राकडे आहे. त्यामुळे लढाई प्रत्येक राज्याच्या विधानसभेत आणि प्रत्येक तालुक्यात वेगवेगळी लढावी लागणार आहे. बदलांची दिशा मात्र बहुतेक ठिकाणी एकच आहे, आणि ती दिल्लीहून ठरते. २००८ पासूनचा भूमी अभिलेख आधुनिकीकरणाचा केंद्रीय कार्यक्रम, २०२० मध्ये गावठाणांच्या ड्रोन मोजणीसाठी आलेली स्वामित्व योजना, २०२१ मध्ये प्रत्येक भूखंडाला चौदा अंकी ओळख क्रमांक देण्याचा उपक्रम, आणि त्याच वर्षी १५ फेब्रुवारीला नकाशे तयार करण्याचे क्षेत्र खाजगी भांडवलासाठी खुले करणारी मार्गदर्शक तत्त्वे, ही सर्व एकाच साखळीची कडी आहेत.

यंत्रांना पक्षाचा विरोध नाही, हे आधीच सांगितले पाहिजे. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या नकाशांवर आजचा शेतकरी जगू शकत नाही. विरोध आहे तो यंत्राच्या आडून जबाबदारी झटकण्याला.

मागचा इतिहास थोडा पाहिला तर पुढचे समजायला सोपे जाते. दख्खनमध्ये ईस्ट इंडिया कंपनीने पहिली मोठी मोजणी प्रिंगल या अधिकाऱ्याकरवी केली. रिकार्डोचा खंडाचा सिद्धांत डोक्यात घेऊन आलेल्या या गृहस्थाने प्रत्येक शेताचे निव्वळ उत्पन्न काढून त्याच्या ५५ टक्के सारा ठरवला. हिशेब कागदावर बिनचूक होता. पण खालच्या मोजणीदारांनी ज्याने पैसे दिले त्याची जमीन हलकी लिहिली आणि ज्याने दिले नाहीत त्याची भारी. काही वर्षांतच ती व्यवस्था कोसळली. त्यानंतर १८३५-३६ मध्ये विंगेट आणि गोल्डस्मिड यांनी इंदापूर तालुक्यापासून नवी मोजणी सुरू केली, आणि १८४७ च्या संयुक्त अहवालाने तिला कायम स्वरूप दिले. मुंबई इलाख्यातील सर्व्हे नंबर, हद्दीचे दगड, तीस वर्षांचा आकार हे सर्व तेथून आले. १८६५ च्या मोजणी आणि जमाबंदी कायद्याने व पुढे १८७९ च्या जमीन महसूल कायद्याने त्याला कायद्याचे कवच मिळाले.

या व्यवस्थेची साखळी ३३ फुटांची होती. तिचे सोळा आणे. एक साखळी लांब व एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, १,०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. आणा म्हणजे दोन फुटांहून किंचित जास्त. दहा साखळ्यांच्या बांधावर एका आण्याची चूक धरली तर सुमारे ६८० चौरस फूट, म्हणजे अर्ध्या गुंठ्याहून अधिक जमीन इकडून तिकडे जाते. शंभर एकरवाल्या बागायतदाराला याचे काही वाटत नाही. ज्याच्याकडे वीस गुंठे आहेत त्याच्या बाबतीत ही भांडणाची, मारामारीची आणि पिढ्यान्‌पिढ्या चालणाऱ्या दाव्याची गोष्ट होते. इंग्रजांना सारा हवा होता. अर्ध्या गुंठ्याच्या चुकीने साऱ्यात फरक पडत नव्हता, म्हणून त्यांनी ती चूक चालवून घेतली. त्यांच्या मोजणीचा हेतू शेतकऱ्याचा हक्क ठरवणे हा नव्हताच. आज मात्र त्याच टिपणांवरून आणि त्याच फाळणीवरून हक्क ठरवले जातात.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर अडचण तिहेरी आहे. पश्चिम महाराष्ट्र आणि कोकण मुंबई इलाख्याच्या पद्धतीने मोजले गेले. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. तेथे १९५४-५५ च्या खासरा पत्रकाला आजही लोक प्रमाण मानतात. पूर्व विदर्भाची परंपरा मध्य प्रांतातील मालगुजारीची. १५ ऑगस्ट १९६७ रोजी अंमलात आलेल्या १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने तिन्ही एका कायद्याखाली आणल्या खऱ्या, पण जुने अभिलेख होते तसेच राहिले. त्यावर १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याखालील योजनांनी आणखी गोंधळ चढवला. एकत्रीकरणात गट बदलले, कागदावर जमिनींची अदलाबदल झाली आणि प्रत्यक्षात लोक जुन्याच वहिवाटीवर नांगरत राहिले. सातबाऱ्यावर एक गट, पायाखाली दुसरा. असे शेतकरी मोजणीचा अर्ज करतात तेव्हा भूकरमापक गट नकाशाप्रमाणे खुणा दाखवून 'क' प्रत हातात ठेवतो आणि जातो. बांधावर उरतात दोन कुटुंबे आणि पोलीस ठाण्याची वाट.

अशा वेळी प्रश्न उभा राहतो तो मनुष्यबळाचा. सरकारने वर्षानुवर्षे भूकरमापकांची पदे पुरेशी भरली नाहीत. अर्जांचे ढीग साचले. मग तेच ढीग दाखवून सांगण्यात आले की सरकारी खात्याला हे काम झेपत नाही, तेव्हा खाजगी परवानाधारक आणा. शिक्षण, आरोग्य, वीज, वाहतूक या सर्व क्षेत्रांत हीच युक्ती वापरली गेली आहे. आधी खाते उपाशी ठेवायचे आणि मग ते अशक्त आहे म्हणून विकायचे. २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने परवानाधारक खाजगी भूमापकांकडून मोजणी करून घेऊन भूमी अभिलेख खात्याने ती प्रमाणित करावी, अशी योजना जाहीर केली. काम ३० दिवसांत होईल असे सांगण्यात आले. त्याआधी, डिसेंबर २०२४ मध्ये लागू झालेल्या मोजणी शुल्कानुसार ग्रामीण भागात दोन हेक्टरपर्यंतच्या नियमित मोजणीला २,००० रुपये आणि द्रुतगती मोजणीला ८,००० रुपये पडू लागले. एकत्र कुटुंबातील वाटणीच्या मोजणीचे शुल्क पुढे कमी करण्यात आले, ही गोष्ट स्वागतार्हच आहे. पण चौपट पैसे मोजणाऱ्याचा अर्ज पुढे आणि न मोजणाऱ्याचा मागे, हे तत्त्व कायम राहिले. रांगेतली जागा विकत मिळते तेथे रांगेच्या शेवटी कोण उभा असतो, हे या वर्गात सांगण्याची गरज नाही.

परवानाधारक मोजणीदार ही नवी कल्पना नाही. कर्नाटकात १९६४ च्या जमीन महसूल कायद्याखाली असे मोजणीदार अनेक वर्षे काम करीत आहेत. तेथे सर्व्हे नंबरचा भाग विकायचा, वाटायचा तर नोंदणीपूर्वी '११-ई' नकाशा लागतो आणि तो बहुतांशी परवानाधारक तयार करतो. बेळगाव, बिदर या भागांतील मराठी शेतकऱ्यांना हा नकाशा चांगला परिचयाचा आहे. या व्यवस्थेचा एक निर्विवाद फायदा आहे: नकाशाशिवाय जमिनीचा तुकडा विकताच येत नाही, म्हणून चतुःसीमा भलत्याच लिहून एकच जमीन दोघांना विकण्याचे प्रकार अवघड होतात. पक्षाने ही तरतूद इतर राज्यांतही मागितली पाहिजे. तेलंगणानेही आता हाच मार्ग धरला आहे. २०२० चा धरणी कायदा रद्द करून आलेला भूभारती कायदा १४ एप्रिल २०२५ पासून अंमलात आला. त्यात नोंदणीला नकाशा जोडण्याची तरतूद आहे, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तीन हजारांहून अधिक प्रशिक्षित मोजणीदारांना परवाने देण्यात आले.

पण या परवानाधारकाची वर्गीय जागा कोणती? तो सरकारी नोकर नाही. त्याला पगार नाही, रजा नाही, निवृत्तिवेतन नाही. दर प्रकरणामागे मोबदला. ज्या दिवशी प्रकरण नाही त्या दिवशी उत्पन्न नाही. म्हणजे एका बाजूला तो स्वतःच शोषित कंत्राटी कामगार आहे. दुसऱ्या बाजूला त्याचे पोट ज्याच्याकडे वारंवार कामे आहेत त्याच्यावर अवलंबून आहे. आणि वारंवार कामे कोणाकडे असतात? एका शेतकऱ्याला आयुष्यात एकदा-दोनदा मोजणी लागते. प्लॉट पाडणारा विकासक, जमिनीचा दलाल, साखर कारखान्याचा संचालक यांना ती दर महिन्याला लागते. प्रिंगलच्या काळात मोजणीदाराला लाच द्यावी लागे. आता कायदेशीर मोबदल्यातूनच तो त्या दिशेला झुकू शकतो. परवानाधारकांविषयी हा राग नाही. ज्या व्यवस्थेत त्यांना उभे केले आहे तिच्याविषयी आहे.

कंत्राटी मोजणीदारांचे हाल काय होतात हे बिहारने दाखवले. २०११ च्या विशेष सर्वेक्षण कायद्याखाली तेथे ऑगस्ट २०२४ मध्ये राज्यभर मोजणी सुरू झाली. काम करणारे अमीन आणि कानूनगो बहुतांशी कंत्राटी. एका वर्षाने, ऑगस्ट २०२५ मध्ये, नोकरी कायम करा म्हणून ते संपावर गेले तेव्हा सरकारने मोठ्या संख्येने त्यांच्या सेवा समाप्त केल्या. ज्यांच्या सहीने कोट्यवधी लोकांची जमीन ठरणार होती त्यांना एका आदेशाने रस्त्यावर टाकता येते, हे या प्रकरणाने दाखवून दिले. अशा माणसाला कोणता बडा खातेदार भीत असेल? आणि त्याने कोणत्या बड्या खातेदाराला न भिता काम करावे?

बिहारची आणखी एक गोष्ट येथे सांगणे आवश्यक आहे. तेथे २००६ मध्ये भूमिसुधारणा आयोग नेमण्यात आला. त्याचे अध्यक्ष देवव्रत बंदोपाध्याय हे पश्चिम बंगालमध्ये ऑपरेशन बर्गाच्या वेळी भूमिसुधारणा आयुक्त होते. २००८ च्या अहवालात त्यांनी बटाईदारांच्या संरक्षणासाठी कायदा करावा अशी शिफारस केली. जमीनदारांचा गलका झाला आणि सरकारने अहवाल बाजूला ठेवला. म्हणजे आज बिहारमध्ये जी मोजणी होते तीत जमीन मोजली जाते, वंशावळी मागितल्या जातात, पण त्या जमिनीत घाम गाळणारा बटाईदार बव्हंशी कागदाबाहेरच राहतो. नकाशा जितका अचूक तितकी ही बेदखली पक्की.

येथे ऑपरेशन बर्गाची आठवण करणे अपरिहार्य आहे, आणि ती केवळ अभिमानासाठी नव्हे. १९७७ मध्ये डावी आघाडी सत्तेवर आल्यावर तिने पहिल्यांदा कायद्यात एक लहान दुरुस्ती केली. दुसऱ्याची जमीन कसणारा माणूस हा बर्गादारच आहे असे गृहीत धरावे. तो नाही हे सिद्ध करण्याचा भार जमीनमालकावर. त्यापूर्वी उलटे होते. कुळानेच पुरावा आणायचा आणि पुरावा तर मालकाच्या पेटीत. दुसरा बदल कायद्यात नव्हे तर कामाच्या पद्धतीत झाला. तोपर्यंत अमीन गावात आला की उतरायचा जोतदाराच्या घरी, जेवायचा त्याच्याच पंगतीला, आणि नोंदी लिहायचा त्याच्याच ओसरीवर. १९७८ मध्ये ही रीत मोडली. महसूल कर्मचाऱ्यांना गरिबांच्या वस्तीत पाठवले गेले. संध्याकाळी, शेतावरून लोक परतल्यावर, सभा झाल्या. नावे मोठ्याने वाचली गेली, मालकाची हरकत असेल तर ती सर्वांसमोर ऐकली गेली, आणि नोंद जागेवर झाली. सुमारे १४ लाख बर्गादारांची नावे अशा रीतीने अभिलेखात आली. साखळी तीच होती, अमीनही बव्हंशी तेच होते. बदलली होती ती बसण्याची जागा आणि पुराव्याचा भार.

मोजणीदारांविषयीच्या कोणत्याही नव्या कायद्याची कसोटी हीच असली पाहिजे. आंध्र प्रदेशात नेमके याच्या उलट घडले. तेथे डिसेंबर २०२० मध्ये ड्रोन आणि उपग्रह यंत्रणेच्या साहाय्याने राज्यव्यापी फेरमोजणी सुरू झाली. गाव सचिवालयांत मोजणीदार नेमले गेले, ही चांगली गोष्ट. पण हद्दीच्या दगडांवर आणि पासबुकांवर मुख्यमंत्र्यांचे नाव व चित्र छापण्याचा जो उत्साह दिसला, तो क्षेत्रातील फरक शेतकऱ्याला समजावून सांगण्यात दिसला नाही. जुन्या साखळीचे क्षेत्र आणि नव्या यंत्राचे क्षेत्र यांत तफावत निघणारच. ती कोणाच्या खात्यात जमा करायची आणि कोणाच्या खात्यातून वजा करायची, हे ठरवताना शेजारी हजर नव्हते. तक्रारी मोठ्या संख्येने आल्या. त्यावर कळस म्हणजे ३१ ऑक्टोबर २०२३ पासून अंमलात आलेला जमीन हक्क निर्धारण कायदा. नीती आयोगाच्या नमुना कायद्यावर आधारलेल्या या कायद्याने नोंद ठराविक मुदतीत आव्हान न दिल्यास अंतिम केली, वाद दिवाणी न्यायालयाकडून काढून अधिकाऱ्याकडे दिले आणि त्यानंतर उच्च न्यायालयाचा दरवाजा दाखवला. वीस गुंठ्यांचा शेतकरी उच्च न्यायालयात कसा जाणार? वकिलांनी संप केले, शेतकरी संघटना रस्त्यावर आल्या, आणि निवडणुकीनंतर २०२४ मध्ये हा कायदा रद्द करावा लागला. मद्रास इलाख्याच्या १९२३ च्या मोजणी व सीमा कायद्याने, म्हणजे साम्राज्यवादी राजवटीच्या कायद्याने, मोजणीविरुद्ध तीन वर्षांत दिवाणी दावा लावण्याचा हक्क ठेवला होता. शंभर वर्षांनंतर स्वतंत्र भारतातील सरकारने तो काढून घ्यावा, यावर अधिक बोलण्याची गरज नाही.

तेलंगणाच्या धरणी व्यवस्थेतही असाच दोष होता. जमीन प्रत्यक्ष कोण कसतो याची नोंद करणारा रकाना वगळण्यात आला आणि गावपातळीवरील महसूल अधिकाऱ्याचे पदच २०२० मध्ये रद्द झाले. ज्या भूमीवर १९४६ ते १९५१ पर्यंत शेतकऱ्यांनी जमीनदारांविरुद्ध सशस्त्र लढा दिला, त्याच भूमीत कसणाऱ्याचे नाव एका रकान्यासह पुसले गेले.

केरळमध्ये १९६१ च्या मोजणी व सीमा कायद्याखाली डिजिटल फेरमोजणी नोव्हेंबर २०२२ मध्ये डाव्या लोकशाही आघाडीच्या सरकारने सुरू केली. पहिल्या टप्प्यात २०० गावे घेतली. मोजणीपूर्वी वॉर्डावॉर्डात ग्रामसभेच्या धर्तीवर सर्व्हे सभा भरवण्यात आल्या. मोजणीदार येण्यापूर्वी लोकांना त्यांचे हक्क, लागणारी कागदपत्रे आणि हरकतीची पद्धत सांगितली गेली. ऑपरेशन बर्गातील संध्याकाळच्या सभेशी या सभांचे नाते आहे. पण त्याच वर्षी त्याच राज्यात वेगवान रेल्वेमार्गाच्या सामाजिक परिणामांच्या अभ्यासासाठी हद्दीचे दगड रोवण्यात आले, तेव्हा लोकांनी ते उपटले, ही गोष्टही लपवण्यासारखी नाही. विरोधकांनी त्याचे राजकारण केले हे खरे. तरीही दगड म्हणजे जमीन गेली ही भीती लोकांच्या मनात जुनी आहे, आणि ती सभेने दूर करायची असते, दगडाने नव्हे. मे २०२२ मध्ये सरकारने दगड रोवणे सोडून दुसरी पद्धत घेतली. हा निर्णय आधी झाला असता तर बरे झाले असते.

ती भीती महाराष्ट्रातही जिवंत आहे. नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाच्या मोजणीला कोल्हापूर, सांगलीच्या शेतकऱ्यांनी विरोध केला तो यासाठीच. भूसंपादनातील संयुक्त मोजणी ही शेतकऱ्यासाठी हक्काची मोजणी नसते. ती जमीन जाण्याची पहिली पायरी असते. एकच अधिकारी सोमवारी वाटणीची मोजणी करतो आणि मंगळवारी पोलीस बंदोबस्तात संपादनाची. शेतकऱ्याने त्याला दोन्ही दिवशी विश्वासाने कसे वागवावे? कायद्यात या दोन कामांत स्पष्ट भेद करणे आणि संपादनाच्या मोजणीपूर्वी ग्रामसभेची संमती बंधनकारक करणे, ही मागणी प्रत्येक राज्यात मांडता येईल.

आदिवासी भागांत तर मोजणीचा अभाव हीच बेदखली आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखालील दाव्यांत कसत असलेल्या क्षेत्राहून फार कमी क्षेत्र मंजूर होणे ही नाशिक, पालघर, ठाणे, नंदुरबार येथील नेहमीची तक्रार. मार्च २०१८ मध्ये किसान सभेच्या नेतृत्वाखाली नाशिकहून मुंबईपर्यंत निघालेल्या लाँग मार्चमध्ये वनहक्काच्या दाव्यांची मागणी अग्रभागी होती. उपग्रहाच्या छायाचित्रात झाडाच्या सावलीखालची नाचणीची पट्टी दिसत नाही. म्हणून जमीन कसलीच जात नव्हती असा निष्कर्ष काढला जातो. २०१२ च्या सुधारित नियमांनी उपग्रहचित्र हा पूरक पुरावा आहे, इतर पुराव्याची जागा तो घेऊ शकत नाही, असे स्पष्ट केले आहे. हे वाक्य तालुक्यातील प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ असले पाहिजे, कारण अधिकाऱ्याला ते सोयीस्करपणे आठवत नाही. गोव्यातील मुंडकारांची अवस्था फारशी वेगळी नाही: १९७५ च्या कायद्याने घराखालच्या जमिनीचा हक्क दिला, पण त्या जागेचा वेगळा नकाशा झाल्याखेरीज हक्क कागदावरच राहतो.

मग पक्षाने मागायचे काय? मोजणीदारांचे कायदे बदलू नका, अशी मागणी चुकीची ठरेल; ती जुन्या नोकरशाहीची वकिली होईल. जुन्या कायद्यांत मोजणीदाराच्या पात्रतेविषयी, चुकीच्या मोजणीची भरपाई देण्याविषयी जवळजवळ काहीच नाही. वकिलांसाठी १९६१ चा आणि वास्तुशास्त्रज्ञांसाठी १९७२ चा केंद्रीय कायदा आहे. ज्याच्या एका रेषेवर कुटुंब उभे राहते किंवा मोडते, त्या भूमापकासाठी असा देशव्यापी कायदा नाही. तेव्हा कायदे अद्ययावत व्हावेत, पण कसणाऱ्यांच्या बाजूने. सर्वांत आधी, मोजणी हे राज्याचे सार्वजनिक काम राहिले पाहिजे आणि त्यासाठी कायम पदे भरली पाहिजेत. परवानाधारक ठेवायचेच असतील तर त्यांची नेमणूक आणि मोबदला सरकारने द्यावा, अर्जदाराने नव्हे, म्हणजे मोजणीदार ज्याची जमीन मोजतो त्याचा पगारी होणार नाही. ज्या परवानाधारकाचे किंवा त्याच्या नातेवाइकाचे त्या तालुक्यात जमीन खरेदीविक्रीचे व्यवहार आहेत त्याला तेथे काम देऊ नये.

नोटीस हा दुसरा मुद्दा, आणि तो सर्वांत कमी लेखला जाणारा. आज लगतच्या खातेदारांना नोटीस जाते. पण खातेदार म्हणजे सातबाऱ्यावर नाव असलेला. कूळ, बटाईदार, वाटेकरी, विधवा सून, अद्याप फेरफार न झालेली बहीण यांना नोटीस जात नाही. जो जमिनीवर प्रत्यक्ष आहे त्याला नोटीस बंधनकारक करा, ती चावडीवर लावा आणि गावात दवंडी द्या. दवंडी शब्द ऐकून शहरी अधिकारी हसतील. मोबाईलवर आलेला इंग्रजी संदेश ज्याला वाचता येत नाही तो हसणार नाही. मोजणीचे टिपण, यंत्राने नोंदवलेले मूळ निर्देशांक आणि नव्या-जुन्या क्षेत्रातील फरक हे ग्रामपंचायतीत राज्याच्या भाषेत लावले गेले पाहिजेत. सीमाभागात अल्पसंख्य भाषिकांच्या भाषेतही. यंत्राची मूळ नोंद कंपनीच्या संगणकात आणि शेतकऱ्याच्या हातात फक्त रंगीत नकाशा, हे चालू देता कामा नये.

वहिवाट आणि अभिलेख यांत फरक निघाला तर काय, याचे उत्तर कायद्याने स्पष्ट दिले पाहिजे. जेथे अनेक वर्षांची शांत वहिवाट आहे आणि दोन्ही बाजू लहान शेतकरी आहेत, तेथे वहिवाटीप्रमाणे नकाशा दुरुस्त करण्याची सोपी, मोफत पद्धत हवी. जेथे बड्या मालकाने बांध कोरत नेला आहे तेथे उलट. हा भेद यंत्र करू शकत नाही. गावासमोर बसलेला माणूस करू शकतो. आणि चुकीच्या मोजणीची पुन्हा तपासणी, म्हणजे निमताना मोजणी, चुकलेल्या खात्याच्या खर्चाने झाली पाहिजे. आज दुसऱ्याची चूक दुरुस्त करून घेण्यासाठीही शेतकऱ्यालाच शुल्क भरावे लागते. दिवाणी न्यायालयाचा दरवाजा तर कोणत्याही राज्यात बंद होऊ देता कामा नये.

भूकरमापक आणि अमीन यांच्याशी किसान चळवळीचे नाते कसे असावे, यावरही विचार व्हायला हवा. बऱ्याच ठिकाणी कार्यकर्ते त्याला शत्रू मानून बांधावर घेरतात. लाच घेणाऱ्याला जाब विचारलाच पाहिजे. परंतु दिवसाला अमुक इतकी प्रकरणे संपवण्याचा दट्ट्या मागे असलेला, उन्हात रोव्हर घेऊन एकटा फिरणारा तरुण कंत्राटी कर्मचारी हा कामगार वर्गाचा भाग आहे. त्याची कायम नोकरीची मागणी आणि शेतकऱ्याची बिनचूक मोजणीची मागणी एकाच व्यासपीठावरून आली तर दोन्हींचे बळ वाढते. बिहारमध्ये संप झाला तेव्हा गावागावातून शेतकरी त्यांच्या पाठीशी उभे राहिले असते, तर त्या सेवा इतक्या सहज समाप्त करता आल्या नसत्या.

राज्य कमिट्यांनी आपापल्या राज्यातील मोजणी कायदा, त्याखालील नियम आणि गेल्या पाच वर्षांतील दुरुस्त्या यांची मातृभाषेत टिपणे तयार करावीत. ज्या तालुक्यात ड्रोन किंवा रोव्हरची मोजणी जाहीर झाली आहे तेथे किसान सभा आणि शेतमजूर युनियनच्या शाखांनी मोजणीदार येण्याआधीच वस्तीवर संध्याकाळची सभा घ्यावी. कोण कसतो, कधीपासून कसतो, बांध कोठे होता, विहीर कोणाच्या वाट्याची, पायवाट कोठून जाते, हे म्हाताऱ्या माणसांकडून विचारून वहीत लिहून घ्यावे व त्यावर उपस्थितांच्या सह्या-अंगठे घ्यावेत. मसुदा नकाशा प्रसिद्ध झाला की हरकतीची मुदत मोजक्या दिवसांची असते आणि ती बहुधा पेरणीच्या किंवा काढणीच्या घाईत येते. ती वही त्यावेळी तयार असावी लागते.